काचेला काय चिकटवायचे?

गाडीच्या पुढच्या काचेला दोन प्रकारची यंत्रे चिकटवता येतात. एक पुढचा रस्ता सांगते, दुसरे मागे पडलेला रस्ता नोंदवून ठेवते. दोन्ही एकाच पेटीत घालून विकायची कल्पना काही नवी नाही. गार्मिनने 2015 साली 'नूवीकॅम' आणला होता: सहा इंची पडदा, पोटात नकाशा, पाठीवर कॅमेरा. मग 'ड्राइव्हअसिस्ट' आला, त्यानंतर सात इंची 'ड्राइव्हकॅम 76'. परदेशात कॅम्परव्हॅनवाल्यांनी आणि लांब पल्ल्याच्या चालकांनी ही यंत्रे घेतली. आपल्याकडे मात्र ती रुजायच्या आतच फोनने नकाशाचा धंदा खाल्ला. हल्ली ऑनलाइन दुकानांत दिसतात ते आरशावर बसणारे चिनी अवतार. त्यांत अँड्रॉइड असते, नकाशा असतो, पुढे-मागे कॅमेरे असतात आणि किंमत संशय यावा इतकी कमी असते. दुसरीकडे काही गाड्या कारखान्यातूनच कॅमेरा घेऊन येतात. ह्युंदाईच्या एक्स्टरमध्ये 2023 साली दोन भिंगांचा डॅशकॅम मिळू लागला, तोही छोट्या गाडीत.

*

हे सगळे वाचायचे कारण जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्ड्याचे भावजी. जुनी जीप काढून त्यांनी नवी गाडी घेतली आणि घरात वाद सुरू झाला. भाच्याला दोन्ही कामे करणारे एकच यंत्र हवे आहे. भावजी म्हणतात, "या तालुक्यात मला रस्ता दाखवणारं यंत्र कशाला? मीच त्याला दाखवीन." बहिणीला फक्त कॅमेरा हवा, कारण मागे एकदा एका पर्यटकाच्या गाडीने आपणच येऊन धडक दिली आणि वर यांच्याकडूनच भरपाई मागितली. निवाडा करायला मला बेळगावहून बोलावले. मेव्हण्याचा उपयोग एवढाच.

*

जोयडा तालुका ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सह्याद्रीच्या माथ्यावरचा, जवळजवळ सगळा जंगलाचा तालुका. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, तीही वाड्यावाड्यांत विखुरलेली. खाली भाताची शेते, त्यांच्या कडेला सुपारीच्या बागा, वर रान. मराठी, कोंकणी आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच बसथांब्यावर ऐकू येतात. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून 2007 साली व्याघ्र प्रकल्प झाला, 2015 पासून त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प. मोबाइलची रेंज कुठल्या वळणावर येते आणि कुठल्या वळणावर जाते हे इथल्या माणसाला पाठ असते. यंत्र निवडताना पहिली अट इथूनच निघते.

*

बहुतेकांची समजूत अशी, की रेंज गेली म्हणजे जीपीएस गेले. तसे नसते. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात आणि त्यांचा संदेश फुकट, सतत, सगळीकडे पडत असतो. फोनमधल्या किंवा यंत्रातल्या चिपला निदान चार उपग्रह दिसले, की ती आपले ठिकाण स्वतः काढते. टॉवरशी तिला देणेघेणे नसते. टॉवर लागतो तो दोन कामांना. एक, उपग्रह कुठे आहेत याची ताजी माहिती चटकन मिळवायला. ती इंटरनेटवरून मिळाली तर ठिकाण काही सेकंदांत लागते, उपग्रहाकडूनच घ्यायची झाली तर थोडा वेळ जातो. दोन, नकाशाचे चित्र आणायला. हे दुसरे काम घोटाळ्याचे. जंगलात गेल्यावर निळा ठिपका बरोबर जागी असतो आणि त्याच्या भोवती सगळे कोरे, करडे. ठिपका बरोबर असून माणूस हरवलेला.

म्हणून आडरानात स्वतंत्र नेव्हिगेशन यंत्राची खरी बाजू एकच: पोटातला नकाशा. बाकी पडदा मोठा, आवाज खणखणीत वगैरे सगळे दुय्यम. पण पोटातला नकाशा फोनलाही देता येतो. गूगलचा नकाशा भाग निवडून उतरवून ठेवता येतो. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड ही अ‍ॅप्स तर त्यासाठीच बनवलेली आहेत. उतरवलेल्या नकाशात वाहतुकीची ताजी खबर नसते, एवढेच. या तालुक्यात वाहतूक म्हणजे एक बस, दोन ट्रक आणि रस्त्यात बसलेल्या म्हशी.

*

झाडीचा आणि दरीचा मात्र जीपीएसवर परिणाम होतो. उपग्रहाचा संदेश जमिनीवर येईपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. ओली पाने त्याला आणखी मंद करतात. घाटात तो कड्यावर आपटून वाकड्या वाटेने येतो आणि चिपला वाटते आपण शंभर फूट पलीकडे आहोत. दोन रस्ते जवळजवळ समांतर चालत असतील तिथे एवढा फरक पुरतो. दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकणाऱ्या चिपा, खोक्यावर 'एल-1 व एल-5' असे लिहिलेल्या, अशा जागी कमी चुकतात. घेताना हे विचारावे. दुकानदाराला बहुधा माहीत नसते, खोक्यावर मात्र लिहिलेले असते.

जीपीएससारखीच आपली भारतीय यंत्रणा म्हणजे नाविक. तिचे उपग्रहही याच एल-5 वर बोलतात. पहिला उपग्रह जुलै 2013 मध्ये गेला. हे उपग्रह सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, भारताच्या माथ्यावरच घुटमळणारे, त्यामुळे डोंगराच्या कुशीतही ते दिसायची शक्यता बरी. कल्पना उत्तम आहे. पण मधल्या काळात काही उपग्रहांची घड्याळे बिघडली, आणि जानेवारी 2025 मध्ये सोडलेला एनव्हीएस-02 ठरल्या कक्षेत पोचलाच नाही. म्हणून यंत्र केवळ नाविकवाले नको, नाविकसुद्धा ऐकणारे हवे.

*

डिसेंबर 2024. गोव्याला निघालेले एक परप्रांतीय कुटुंब खानापूर तालुक्यातून जात असताना फोनवरच्या नकाशाने त्यांना शिरोली-हेम्मडग्याच्या बाजूने जवळची वाट सुचवली. वाट जवळची होती यात शंका नाही. ती भीमगडच्या रानात सात-आठ किलोमीटर आत गेली आणि रेंज संपली. रात्र सगळ्यांनी गाडीत काढली. सकाळी काही किलोमीटर चालत जाऊन रेंज मिळाली, तेव्हा 112 ला फोन लागला आणि खानापूरच्या पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. त्या रानात अस्वले आहेत, बिबटे आहेत, वाघही आहेत. सगळे सुखरूप निघाले म्हणून बातमी गमतीची झाली.

खानापुरात कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारले असते तर उत्तर मिळाले असते: लोंढा, रामनगर करून अनमोडला जा, नाहीतर जांबोटीवरून चोर्ल्याला. यंत्राला 'रस्ता आहे' आणि 'रस्त्याने जावे' यांतला फरक कळत नाही. त्याच्या लेखी जंगलखात्याची जीपवाट आणि राज्य महामार्ग यांत फरक आहे तो फक्त किती मिनिटे लागतील एवढाच. चांगल्या नेव्हिगेशन यंत्रात 'कच्चे रस्ते टाळा' अशी एक कळ असते. पश्चिम घाटात शिरण्याआधी ती दाबून ठेवावी. पण गाव गाठण्याचा रस्ताच कच्चा असेल तर ती कळ दाबून घरी कसे पोचणार, हा भावजींचा प्रश्न रास्त आहे.

*

खानापूरच्या आधी, त्याच वर्षी, 7 ऑगस्टला मध्यरात्रीनंतर कारवार आणि सदाशिवगडला जोडणारा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. सुमारे चाळीस वर्षांचा पूल. एक ट्रक नदीत गेला, चालकाला वाचवता आले. शेजारी नवा पूल होता म्हणून कारवार तुटले नाही. आता यंत्राच्या बाजूने विचार करा. रात्री साडेबाराला पूल होता, पहाटे नव्हता. पोटातला नकाशा वर्षातून एकदोनदा ताजा होतो, काही स्वस्त यंत्रांचा कधीच होत नाही. त्या नकाशावर तो पूल पुढेही शाबूत असणार.

याच्याहून वाईट गोष्ट नगर जिल्ह्यातली. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळच्या पुलावर गेली. पूल होता, पण पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली. धरण भरले की दरवर्षी काही महिने तो पाण्यात असतो हे गावाला माहीत, नकाशाला नाही. गाडी चालवणारा बुडाला, बरोबरचे दोघे पोहून निघाले.

ही बातमी मी वाचून दाखवली तेव्हा भावजी बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या लहानपणीचे सुपे गाव असेच पाण्याखाली आहे. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे तालुक्याचे ठाणे. गणेशगुडीला 101 मीटर उंचीचे धरण झाले, 1987 पर्यंत काम पुरे झाले, कचेऱ्या जोयड्याला आल्या, उठवलेली माणसे रामनगराला वसली. सरकारी कागदांत तालुक्याचे नाव सुपे असे अजून सापडते. नकाशात एक नाव, मैलाच्या दगडावर दुसरे आणि प्रत्यक्षात पाणी. इथल्या माणसाला नकाशावर आंधळा विश्वास ठेवायला शिकवणे अवघड आहे. आणि शिकवूही नये.

*

पावसाळ्याचे वेगळेच. जुलै 2021 मध्ये अणशी घाटात दरड आली आणि कारवारचा रस्ता तुटला. जुलै 2025 मध्ये अनमोड घाटात गोव्याच्या हद्दीत महामार्गाचा तुकडा खचला. अशा दिवशी ताजी खबर महत्त्वाची, आणि ती पोटातल्या नकाशाकडे कधीच नसते. फोनवरच्या नकाशाकडे असते, पण कोणी कळवली तरच, आणि त्या क्षणी तुमच्या फोनला रेंज असली तरच. पावसात सगळ्यात भरवशाचे यंत्र म्हणजे समोरून येणारा ट्रक. तो आला याचा अर्थ रस्ता चालू.

*

शिरूरची गोष्ट यंत्र विकणाऱ्यांनी जाहिरातीत वापरलेली नाही, ते बरेच. 16 जुलै 2024 रोजी अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर डोंगर आला. चहाची टपरी, उभ्या गाड्या, माणसे, सगळे खाली गंगावळी नदीत. केरळच्या एका चालकाचा लाकूड भरलेला ट्रकही त्यात होता आणि त्या ट्रकला जीपीएस होते. घरच्यांकडे शेवटचे ठिकाण होते: दरड कोसळली तीच जागा. आधी शोध जमिनीवरच्या मातीत झाला, मग नदीत. ट्रक सापडला 25 सप्टेंबरला, नदीच्या तळाशी.

यावरून दोन गोष्टी कळतात. ट्रॅकर आपण कुठे आहोत ते बाहेर कळवतो, नेव्हिगेशन यंत्र ते फक्त आपल्याला सांगते. ही दोन कामे वेगळी आहेत आणि खरेदी करताना लोक त्यांची गल्लत करतात. 'जीपीएस आहे' म्हटले म्हणजे घरी कळेल असे नाही. त्याला सिमकार्ड लागते आणि सिमला टॉवर. प्रवासी वाहनांना 2019 पासून सक्तीचा झालेला ट्रॅकर, तो एआयएस-140 जातीचा, बाहेर कळवणारा. टॅक्सी-मॅक्सीकॅबवाल्यांना तो माहीत असतो, खासगी गाडीवाल्याला नसतो. दुसरी गोष्ट, कळवलेले शेवटचे ठिकाण शेवटचेच असते. त्यानंतर गाडीचे काय झाले ते त्यात नसते.

टॉवर लागत नाही असा उपग्रही संदेशयंत्राचा पर्याय भाच्याने सुचवला. परदेशी गिर्यारोहक वापरतात ते. भारतात ते सरकारी परवान्याशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला तेवढ्यासाठी अडवले होते. विषय संपला.

*

आता कॅमेरा. नकाशाच्या बाबतीत जी चलबिचल होती ती इथे नाही. बहीण बरोबर आहे, कॅमेरा घ्यावाच. कुठला, यासाठी लोक पहिल्यांदा '4के' शोधतात. मी शेवटी शोधीन.

पहिले पाहायचे ते आत बॅटरी आहे की कपॅसिटर. उन्हात उभ्या गाडीची काच इतकी तापते, की लिथियमची बॅटरी दोन उन्हाळ्यांत फुगते. कपॅसिटर फुगत नाही. तो वीज तोडल्यावर काही सेकंदच तग धरतो, पण शेवटची फाइल नीट बंद करायला तेवढे पुरते. खोक्यावर 'सुपरकपॅसिटर' लिहिलेले नसेल तर बहुधा बॅटरी समजावी.

दुसरे, रात्रीचे चित्र. ते मेगापिक्सेलवर कमी आणि सेन्सरवर जास्त ठरते. सोनीचे स्टारव्हिस सेन्सर यात नावाजलेले आहेत, आणि स्वस्त '4के' कॅमेऱ्यांत पुष्कळदा लहान सेन्सरचे चित्र ताणून मोठे केलेले असते. तरीही खरे सांगायचे तर, समोरून दिवे लावून येणाऱ्या गाडीचा नंबर रात्री कुठलाच डॅशकॅम भरवशाने टिपत नाही. भिंग जितके रुंद तितकी नंबरपाटी लहान. 170 अंशांचा कोन दाखवून विकतात, पण मला 140 पुरे वाटतो. रात्री आडवा आलेला गवा मात्र नीट दिसतो, आणि या रस्त्यावर तोच जास्त येतो.

तिसरे, कार्ड. 1080पी चित्रण सेकंदाला पंधरा मेगाबिटने धरले तर तासाला पावणेसात जीबी होते. म्हणजे 64 जीबीच्या कार्डात साधारण नऊ तास, मग जुने पुसून त्यावर नवे. रोज पुसून लिहिले जाणारे कार्ड साधे चालत नाही, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेले घ्यावे. शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊन नेमक्या दिवशी कार्ड मेलेले निघते.

*

धक्क्याचा सेन्सर हा आमच्या रस्त्यांवरचा मोठा विनोद. गाडीला धक्का बसला, की कॅमेरा ती फाइल कुलूपबंद करतो, म्हणजे पुढे ती पुसली जात नाही. पुणे-मुंबई रस्त्यावर ही सोय झाली. इथल्या कच्च्या वाटेवर दर खड्ड्याला एक अपघात नोंदला जातो. हळूहळू कार्ड खड्ड्यांच्या कुलूपबंद चित्रांनी भरते आणि खऱ्या अपघाताला जागा उरत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी सेन्सर सगळ्यात मंद पातळीवर टाकावा आणि कुलूप लावायची कळ हाताशी कुठे आहे ते पाहून ठेवावे. ती खड्ड्यांची चित्रे सार्वजनिक बांधकाम खात्याला पाठवावीत असे भाचा म्हणाला. त्याला अडवले नाही.

उभ्या गाडीवर पहारा ठेवणारी 'पार्किंग' सोय शहरासाठी ठीक. इथे पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस पडवीत उभी असते. तिच्या बॅटरीवर कॅमेरा जागा ठेवला तर पाचव्या दिवशी गाडी ढकलावी लागते. ठरावीक व्होल्टेजखाली आपणच बंद होणारा जोडणीसंच मिळतो, पण मुळात तिथे पहारा कशावर ठेवायचा? कोंबड्यांवर?

*

लावायची जागा: आरशामागे, वायपरची पाती काच पुसते त्या पट्ट्यात. हे सांगायला लागू नये, पण वायपर पोचत नाही त्या कोपऱ्यात लावलेले कॅमेरे मी पाहिले आहेत. पावसाळाभर ते थेंबांचे चित्रण करतात. सक्शन कपापेक्षा चिकटपट्टी बरी, कप दमट हवेत सुटतो. वायर बाजूच्या खांबात नेताना आतल्या एअरबॅगच्या मागून न्यावी, पुढून नाही. वायर कापून जोडणाऱ्यापेक्षा फ्यूजपेटीतून जोड घेणारा वायरिंगवाला शोधावा. नव्या गाडीची वॉरंटी त्यावर अवलंबून असते.

मोठा पडदा असलेले दुहेरी यंत्र आरशामागे बसत नाही, इथे त्याची पहिली अडचण. पडदा दिसायला हवा म्हणून ते डोळ्यांसमोर लावावे लागते, आणि कॅमेऱ्याला मग नको तिथून बघावे लागते. फोन स्टँडवर लावून फक्त रस्ता पाहायला ऑक्टोबर 2020 पासून नियमांतच मुभा आहे, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही एवढ्या अटीवर. मग काचेवर आणखी एक टीव्ही कशाला?

*

चित्रण झाले, पुढे काय? विमा कंपनीचा सर्व्हेअर ते पाहतो, पोलीसही पाहतात, तेवढ्यावर बहुतेक भांडणे मिटतात. कोर्टात गेले तर नियम कडक आहेत आणि त्यांचा एक धडा जालन्याचा आहे. 2014 च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर तीनशेपेक्षा कमी मतांनी जिंकले. कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिले, की अर्ज दुपारी तीनची मुदत टळून गेल्यावर घेतला गेला. पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 14 जुलै 2020 च्या निकालात ठरले, की चित्रणाची नक्कल सादर करायची तर त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणले तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून त्या प्रमाणपत्राला भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, हाही लिहावा लागतो.

साध्या माणसासाठी याचा अर्थ एवढाच: अपघात झाला की कार्ड काढून घ्या आणि पाकिटात घालून तारीख लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली क्लिप म्हणजे दाबून बारीक केलेली नक्कल. ती नातेवाईकांसाठी, कोर्टासाठी नाही.

*

रशियात डॅशकॅम घरोघरी आहेत, त्याचा फायदा विज्ञानालाही झाला. 15 फेब्रुवारी 2013 ला चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा शेकडो गाड्यांनी ती टिपली, आणि शास्त्रज्ञांनी त्या चित्रांवरून तिची वाट मागे मागे मोजत नेली. उलट ऑस्ट्रियात डॅशकॅमवर कडक बंधने आहेत. जर्मनीत 2018 पर्यंत गोंधळ होता. त्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटले, की सतत चित्रण करणे नियमाला धरून नाही, पण अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून चालू शकते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी इकडून भेट म्हणून कॅमेरा नेताना हे लक्षात ठेवावे.

*

जीपीएस असलेला डॅशकॅम चित्राच्या खाली वेग आणि अक्षांश-रेखांश छापतो. अपघातात ते कामाचे. पण याच रस्त्यांवर काळा बिबट्या दिसतो, दांडेलीची ती ख्यातीच आहे. कॅमेऱ्याने तो टिपला, की हात लगेच शेअर करायला शिवशिवतात. ते अक्षांश-रेखांश म्हणजे शिकाऱ्याला दिलेला पत्ता. क्लिप टाकायचीच असेल तर खालची पट्टी कापून टाका, ठिकाण लिहू नका. नंदिगड्ड्यातल्या होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांना हे आवर्जून सांगावे. पाहुणे हवेत तर बिबट्याही राहायला हवा.

*

जाता जाता एक. गूगलचे रस्त्यांचे चित्रमय दर्शन भारतात जुलै 2022 ला आले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. वाड्यावाड्यांच्या तालुक्यांचा नंबर अशा याद्यांत कधी लागतो ते सर्वांना ठाऊक आहे. टपाल खात्याने मे 2025 मध्ये डिजिपिन आणला, देशातल्या प्रत्येक चार मीटर चौकोनाला दहा अक्षरांचा पत्ता. ज्या घराला नंबर नाही, गल्ली नाही, 'ओढ्यापलीकडे दुसरी बाग' हाच पत्ता, त्या घराला याचा उपयोग आहे. रुग्णवाहिकेला फोन करताना तो कोड तोंडपाठ असावा. बहिणीने तो विजेच्या मीटरच्या पेटीवर लिहून ठेवला आहे.

*

निवाडा. दुहेरी यंत्र घेऊ नये. नकाशा आणि कॅमेरा यांचे आयुष्य सारखे नसते. नकाशा वर्षा-दोन वर्षांत शिळा होतो, कॅमेरा पाच वर्षे चालतो. एकाच पेटीत दोन्ही असले, की नकाशापायी कॅमेराही अडगळीत जातो, किंवा कॅमेऱ्यापायी शिळा नकाशा काचेवर राहतो, आणि दुसरे जास्त धोक्याचे. तेव्हा कपॅसिटरवाला, जीपीएस असलेला, साधा, पडदा नसलेला डॅशकॅम आरशामागे, आणि फोनमध्ये उतरवलेला कर्नाटक-गोवा-महाराष्ट्राचा नकाशा. कॅमेरा पाच ते आठ हजारांत चांगला मिळतो, नकाशाला खर्च शून्य. भावजी खूश, कारण त्यांना नकाशा नकोच होता. भाचा नाराज, पण फोन त्याचाच आहे.

परगावच्यांसाठी मात्र वेगळे. जोयड्याकडे, उळवीच्या यात्रेला किंवा दांडेलीला येणार असाल तर नकाशा घरी वाय-फायवर उतरवून निघा, आणि शेवटच्या मोठ्या गावात गाडी थांबवून रस्ता तोंडी विचारा. रामनगर, जगलबेट, हल्ल्याळ कुठेही. मराठीत विचारलेले सगळीकडे चालते.

आणि कॅमेरा लावलात की सगळ्यात आधी त्याचे घड्याळ पाहा. उपग्रहाची वेळ जागतिक असते, आपली साडेपाच तास पुढे. सेटिंगमध्ये +5:30 लावले नाही तर संध्याकाळी सहाचा अपघात चित्रात दुपारी साडेबाराचा दिसेल, आणि समोरच्या वकिलाला तेवढे पुरेल.